पन्हें, सरबत आणि साखर

चैत्रांतील हळदीकुंकवाला पन्ह्याचा पेला हातीं आला नाहीं, तर समारंभ अपुरा वाटतो. उन्हांतून दमून आलेल्या पाहुण्यापुढें कोकमचें सरबत ठेवण्याची कोकणांतील चालहि तशीच जुनी. हीं पेयें रुचकर आहेत यांत वाद नाहीं. परंतु फळांपासून केलेलीं म्हणून तीं कितीहि घ्यावीं, असें समजणें मात्र चुकीचें होय.

आमच्या वडिलांस मधुमेह जडल्यावर घरांत पेढे बंद झाले. सरबत मात्र ‘फळाचेंच तर आहे’ म्हणून चालू राहिलें. पुढें डॉक्टरांनीं साखर मोजावयास सांगितली, तेव्हां एका पेल्यांत सहा चमचे, म्हणजे सुमारें २४ ग्रॅम साखर भरली! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणें निरोगी प्रौढानेंहि दिवसाकाठीं अशी साखर सुमारें ५० ग्रॅमच्या आंत ठेवावी, आणि २५ च्या आंत राहिल्यास अधिक बरें. मध व फळांचा रस यांतील साखरहि ह्याच हिशेबांत धरली जाते. गुळालाहि सूट नाहीं.

मग फळाचा गुण कोठें जातो? रस गाळतांना चोथा मागें राहतो. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेनें कमी होतें. म्हणून कैरी शिजवितांना त्याचा कांहीं अंश नाहींसा होतो. लिंबू कच्चेंच पिळलें जात असल्यामुळें त्यांतील तें अधिक टिकतें. १७४७ सालीं जेम्स लिंड ह्या आरमारी वैद्यानें स्कर्व्हीनें पिडलेल्या खलाश्यांस संत्रीं व लिंबें देऊन त्यांचा गुण दाखवून दिला, तो ह्याच सत्त्वामुळें.

अमृतकोकमाच्या बरणींतील साखर मात्र कमी करूं नये. रातांब्याच्या सालींतील पाणी तीच ओढून घेते व जंतूंस वाढूं देत नाहीं. काटकसर करावयाची ती पेल्यांत: पाक थोडा, पाणी अधिक. त्याहून सोपा उपाय म्हणजे आमसुलें भिजवून किंवा आगळ वापरून सरबत करणें. मग साखर आपल्या हातीं राहते. चिमूटभर जिरेपूड घातल्यास कमी गोडीहि पुरते. मुलांस तें जेवणाबरोबर द्यावें. दिवसभर घोट घोट घेतल्यानें दांत किडतात.

तहानेला पाणी, भुकेला फळ, आणि आनंदाला सरबत! आमचे वडील आजहि चैत्रांत पन्हें घेतात, पण डॉक्टरांस विचारून, लहानशा वाटींत. दुसऱ्या पेल्याचा आग्रह मात्र आम्हीं आतां सोडला आहे.