रसायनशास्त्रात पीएचडी: ऐकीव काय, खरे काय

एमएस्सीचा निकाल लागला की घरात विचारतात, "आता बीएड की नोकरी?" पीएचडीचे नाव काढले तर लगेच पुढचा प्रश्न येतो, "अजून पाच वर्षे पैसे कुठून घालायचे?" या एका गैरसमजापायी कितीतरी हुशार मुले-मुली प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरून मागे फिरतात.

सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. पुढे कामाचा आढावा घेऊन 42,000 होतात, शिवाय घरभाडे भत्ता असतो. हे दर जानेवारी 2023पासूनचे आहेत. जेआरएफ हुकली म्हणून सगळे संपत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्था आपापल्या गटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात, आणि गाइडच्या मंजूर प्रकल्पातही जागा निघतात. पैसे कधी कधी रखडतात, हेही खरे; तेव्हा चार-सहा महिन्यांची तजवीज हवी.

"तिशी उलटली, आता कसली पीएचडी?" वयाची अट जेआरएफला आहे: खुल्या गटात 30 वर्षे, महिला आणि राखीव गटांना पाच वर्षांची सवलत. पीएचडीच्या प्रवेशाला यूजीसीच्या नियमांत वयाची अट नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ करण्याचीही सोय आहे. त्यासाठी मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

मुलींच्या बाबतीत घरच्यांना लग्न आणि बाळंतपणाची काळजी असते. यूजीसीच्या 2022च्या नियमावलीत पीएचडीची किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा आहे. महिलांना त्यावर आणखी दोन वर्षे मिळू शकतात, शिवाय 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही देशभराची सक्तीही याच नियमावलीने काढली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र तपासून घ्यावा.

प्रबंध जाडजूड लागतो, हीही एक समजूत. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकलेल्या कमला सोहोनी यांना 1939मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळाली. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी त्यांनी दाखवून दिले. तो प्रबंध अवघा 40 पानांचा होता.

माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज वेगळाच आहे: "विद्यापीठ नावाजलेले असले की झाले." रसायनशास्त्रात तुमची पाच वर्षे एका गाइडच्या लॅबमध्ये जातात. रोज कॉलम लावायचा, टीएलसी पाहायची, एनएमआरच्या रांगेत थांबायचे. साधने चालू आहेत का, रसायने वेळेवर येतात का, मागच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, यावर सारे ठरते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा रिकामी आहे का हेही आधी विचारा. आणि अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस त्या लॅबमध्ये जा. सरांशी बोलाच, पण त्यांच्याकडच्या दोन सीनियर विद्यार्थ्यांना बाहेर चहाला नेऊन मगच निर्णय घ्या.