उसन्या रागाचा मुलगा
शोकांतिकेतली घरं : भाग ३

गेल्या भागात आगामेम्नॉनचा खून झाला. ट्रॉय जिंकून आलेल्या राजाला बायकोनं न्हाणीघरात लांबलचक वस्त्रात अडकवून मारलं. क्लायटेम्नेस्ट्राकडे कारण होतं: गलबतांना वारा मिळावा म्हणून याच बापानं पोटच्या इफिजनायाचा बळी दिला होता. आता मुलगा येतो. एस्किलसच्या 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीतलं हे दुसरं नाटक, 'कोएफोरी'. इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या डायोनिससच्या उत्सवात या त्रयीला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

सूड घ्यायला निघालेला मुलगा म्हटलं की दातओठ खाणारा तरुण डोळ्यांसमोर येतो. ऑरेस्टिस तसा नाही. तो परक्या मुलखात, फोकिसमध्ये वाढला. बापाचा खून त्यानं पाहिलेला नाही, प्रेताला खांदा दिलेला नाही. थडग्यावर केसांची बट ठेवताना तो तेच सांगतो. तो राग घेऊन येत नाही, हुकूम घेऊन येतो. डेल्फीच्या अपोलोनं त्याला बजावलं आहे की बापाच्या खुन्यांना मारलं नाहीस, तर अंग व्रणांनी सडेल आणि कुणी दारात उभं करणार नाही. पुढे तो आपली कारणं स्वतःच मोजून दाखवतो: देवाची आज्ञा, बापाचं दुःख, हातची गेलेली इस्टेट, आणि ट्रॉय जिंकणारे आपले लोक दोन बायकांच्या ताब्यात आहेत याची लाज. (दुसरी बाई म्हणजे आईचा यार इजिस्थस!) इस्टेटीचा उल्लेख मला फार प्रामाणिक वाटतो. नंतरच्या नाटकांतले सूडकरी एवढं उघड बोलत नाहीत.

मग राग कुठून येतो? थडग्यापाशी. तिथे ऑरेस्टिस, बहीण इलेक्ट्रा आणि दासींचा कोरस आळीपाळीनं शोक गातात. जवळजवळ १७० ओळींचा हा विलाप वाचताना कंटाळवाणा वाटू शकतो, आणि अनेक दिग्दर्शक त्याला कात्री लावतात. माझ्या मते नाटक तिथेच घडतं. राजाला रडण्याविना पुरलं, त्याच्या प्रेताची विटंबना केली, इलेक्ट्राला कुत्र्यासारखं कोंडून ठेवलं, हे सगळं त्याला या दोघींकडून कळतं. मारायचं तर आधीच ठरलेलं असतं. मारण्याइतका संताप मात्र बायका त्याच्यात ओतत जातात. दासी लढाईत पकडून आणलेल्या आहेत, या घराशी त्यांचं रक्ताचं नातं नाही. तरी सर्वांत जास्त उसकवतात त्याच.

यानंतर आईचं स्वप्न येतं. तिनं सापाला जन्म दिला, अंगावर पाजलं, तर दुधात रक्ताची गाठ आली. ऑरेस्टिस स्वप्नाचा अर्थ ताबडतोब लावतो: तो साप मीच. इतका वेळ दुसऱ्यांनी भरवलेली भूमिका तो इथे आपण होऊन अंगावर घेतो.

मग वाटसरू बनून तो स्वतःच्याच मरणाची बातमी घेऊन दारात येतो. ती ऐकून मनापासून रडते फक्त म्हातारी दाई किलिसा. तिला आठवतात ती बाळाची ओली दुपटी आणि रात्रीची जागरणं. शोकांतिकेत शी-शूचं बोलणं पाहून पूर्वीचे काही पंडित नाकं मुरडत. पण या दाईमुळेच पुढचा प्रसंग बोचतो. इजिस्थस मेल्यावर क्लायटेम्नेस्ट्रा छाती उघडी करून म्हणते की याच दुधावर तू वाढलास. कुणी वाढवलं ते आपण नुकतंच ऐकलेलं असतं.

तरीही ऑरेस्टिस थबकतो. पिलाडिसकडे वळून विचारतो, काय करू, आईला मारायला कचरू का? नाटकभर मुका राहिलेला हा मित्र तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं बोलतो, फक्त तीन ओळी: अपोलोच्या वचनाचं काय? सगळं जग वैरी झालं तरी चालेल, देव नको. मुलगा म्हणून ऑरेस्टिसला पडलेला हा एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर देवाच्या नावानं मिळतं.

मराठी वाचकाला इथे परशुराम आठवणारच. पण त्याला बापाकडून वर मिळाला आणि त्यानं रेणुकेला जिवंत करून घेतलं. आगरकरांनी 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणलेल्या हॅम्लेटला तर बापाचं भूतच सांगतं की आईच्या वाटेला जाऊ नकोस. ऑरेस्टिसला या दोन्ही पळवाटा नाहीत. पुढे सोफोक्लिसनं आईला आधी मारून इजिस्थसला शेवटी ठेवलं आणि मातृहत्येचा बोभाटा टाळला. युरिपिडिसचा ऑरेस्टिस वार करताना डोळ्यांवर अंगरखा ओढून घेतो. तो मला अधिक माणसासारखा वाटतो, एस्किलसचा अधिक भीतिदायक.

कारण त्याचा ऑरेस्टिस मारून झाल्यावर वकिली सुरू करतो. दोन प्रेतांशेजारी उभा राहून बापाला अडकवलेलं ते वस्त्र पसरून दाखवतो, सूर्याला साक्षीला बोलावतो. अजून कुणी आरोप केलेला नसतो. बोलता बोलता त्याला काळ्या वस्त्रांतल्या, केसांत साप वळवळणाऱ्या बायका दिसू लागतात. कोरस समजावतो की हातावरचं रक्त ओलं आहे म्हणून भास होतोय. त्यांना खरंच काही दिसत नाही. ऑरेस्टिस डेल्फीकडे पळत सुटतो.

तिसऱ्या नाटकात एस्किलसनं त्या बायकांनाच कोरस केलं, म्हणजे त्याला एकट्याला दिसलेलं आता सगळ्या प्रेक्षागृहाला दिसतं. अथेन्सच्या न्यायासनापुढे त्या काय मागतात, ते पुढच्या आठवड्यात.