श्रीलंका सुखी की भूतान?

श्रीलंका आणि भूतान ही आपल्या शेजारची दोन लहान बौद्ध राष्ट्रे. १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत कँडीला गेले होते. भूतानचे नाव आपण ‘सुखी लोकांचा देश’ म्हणून ऐकतो. मग सामान्य माणूस जास्त बरा कुठे जगतो? पैशाने मोजले तर दोघांत फार अंतर नाही आणि दोन्ही देश श्रीमंत नाहीत. म्हणून आपण आरोग्याने मोजू.

श्रीलंकेत १९२६ साली कळुतरा येथे पहिले आरोग्य युनिट सुरू झाले. दवाखान्यात रोगी येण्याची वाट न पाहता सुईणीने घरोघरी जायचे, ही त्याची रीत. आज तिथे साधारण ३,००० लोकांमागे एक प्रशिक्षित सुईण असते. कोण गरोदर आहे, कोणाचे वजन वाढत नाही, कोणत्या बाळाची लस राहिली, हे सारे तिच्या वहीत असते. १९४५ पासून शिक्षण मोफत झाले आणि १९५१ पासून सरकारी रुग्णालयातले उपचारही. मुली शिकल्या, आया वाचल्या. तिथे एक लाख जन्मांमागे सुमारे ३० मातांचा मृत्यू होतो. भारतात २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ होता, महाराष्ट्रात ३३. १९३४-३५ च्या साथीत मलेरियाने त्या देशात सुमारे ८० हजार माणसे गेली होती. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच देशाला मलेरियामुक्त जाहीर केले.

भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत, म्हणजे आपल्या ठाणे शहराच्या निम्म्याहूनही कमी. गावे डोंगरात विखुरलेली, मोटारीचा पहिला रस्ता १९६२ चा. तरीही २००८ च्या संविधानाने प्राथमिक आरोग्यसेवा मोफत देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. जो उपचार तिथे होत नाही, त्यासाठी रोग्याला सरकारी खर्चाने भारतात पाठवतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस भूतानने २०१० सालीच देशभरातल्या मुलींना दिली. शिवाय तिथले सरकार लोकांना विचारते, झोप पुरेशी होते का? अडचणीला शेजारी धावतो का? मनावर ताण आहे का? आपल्याकडे दोन पाळ्यांत राबणाऱ्या बाईला हे कोण विचारतो?

आयुर्मानात श्रीलंका पुढे आहे. तिथे माणूस सरासरी ७५ वर्षांपुढे जगतो, भूतानमध्ये सत्तरीच्या पुढे. पण निकाल एवढ्यावर देता येत नाही. १९४८ च्या कायद्याने श्रीलंकेने चहामळ्यांतल्या लाखो तमिळ मजुरांचे नागरिकत्व नाकारले. त्यांना ते पुढे मिळाले, पण मळ्यांच्या चाळींत कुपोषण आजही देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. १९९० च्या दशकात भूतानमधून एक लाखाच्या आसपास नेपाळीभाषक लोक बाहेर पडले आणि नेपाळमधल्या छावण्यांत वर्षानुवर्षे राहिले. सुखाचे माप घेताना ते मोजलेच गेले नाहीत. करुणा शिकवणाऱ्या धम्माचे देश असूनही हे घडले. सरासरी चांगली असली तरी नोंदवहीबाहेर कोण राहिले, हे पाहावेच लागते.

आता आपल्या बाळकुमकडे पाहू. २०२० साली साकेतजवळ काही आठवड्यांत हजार खाटांचे कोविड रुग्णालय उभे राहिले. सरकारने मनावर घेतले तर होते, हे आपण पाहिले. पण श्रीलंकेतल्या आया मोठ्या इमारतीमुळे वाचल्या नाहीत, दारात येणाऱ्या सुईणीमुळे वाचल्या. आपल्याकडे ते काम आशाताई करतात. भाड्याने राहणारे, नाक्यावर कामाला जाणारे, कागदपत्रे गावी राहिलेले असे लोक त्यांच्या वहीत आहेत का?

म्हणून या महिन्यात एवढे करा :

• आपल्या गल्लीची आशाताई कोण, हे विचारून घ्या. नवीन भाडेकरूंची नावे त्यांना सांगा.

• गरोदर सुनेची, लेकीची नोंद पहिल्या तीन महिन्यांत करा. माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा.

• तिशीपुढच्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यावी. महिलांनी स्तन आणि गर्भाशयमुखाचीही. मुलींच्या लसीबद्दल तिथेच विचारा.

• ५० ते १०० घरांमागे महिला आरोग्य समिती असावी, अशी नागरी आरोग्य अभियानात तरतूद आहे. आपल्या वस्तीत ती नसेल, तर विहारात बैठक घेऊन मागणी करा.

श्रीलंकेला वह्या भरायला शंभर वर्षे लागली. आपल्या गल्लीची वही भरायला एक रविवार पुरेल.