गढूळ पाणी, विरघळलेले मीठ

निवळणे : पोहरादेवीच्या (ता. मानोरा) काळ्या मातीच्या मुलखात पावसाळी ओढ्यांतून वाहणाऱ्या पाण्यातील चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही सूक्ष्म आणि ऋणभारित असल्यामुळे परस्परांना दूर लोटीत तासन्‌तास तरंगत राहतात; परंतु तुरटीचा खडा पाण्यात फिरविला असता तीतील ॲल्युमिनियमने तो भार नाहीसा होतो, कणांचे पुंजके बनतात व गाळ तळाशी बसतो. निवळीचे बी घड्याच्या आत घासण्याची जुनी रीतही हेच कार्य साधते. निवळलेले पाणी मात्र निर्जंतुक नव्हे. ते उकळणे अवश्य.

गाळणे : फडक्यावर काडीकचरा अडतो, चिकणमाती नाही.

बाष्पीभवन : विरघळलेले क्षार ना निवळतात, ना गाळले जातात. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर लादून जे मीठ दूरदूर पोहोचवीत, त्यातील सागरी मीठ सुमारे ३.५ टक्के क्षारांचे समुद्रजल मिठागरांत उन्हाने आटवूनच मिळे.