पुठ्ठ्याचं चालतं मॉडेल करायचंय? आधी विषय नीट धरा

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की घरोघरी एकच गडबड सुरू होते. पोरगं रात्री नऊ वाजता सांगतं, "परवा मॉडेल न्यायचंय." मग बाप गाडीला किक मारून तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात जातो आणि चार-पाचशे रुपये देऊन तयार मॉडेल घेऊन येतो. प्रदर्शनात परीक्षक टेबलापाशी येतात, "हे कशानं हलतं बाळा?" असं विचारतात आणि पोरगं मान खाली घालतं. पैसे गेले ते गेलेच, वर चार पोरांत मान खाली गेली.

हेच मॉडेल घरच्या पुठ्ठ्याचं, लग्नपत्रिकांचं होऊ शकतं. पण बहुतेकांचं गाडं कात्रीपाशी नाही, त्याच्या आधी विषयापाशीच अडतं. "पाणी वाचवा", "सौरऊर्जा", "प्रदूषण" हे भाषणाचे विषय झाले. त्यात हलायचं काय? चालत्या मॉडेलचा विषय म्हणजे एखादी वस्तू, आणि त्या वस्तूत काहीतरी वर-खाली, मागं-पुढं किंवा गोल फिरत असलं पाहिजे. पहिली कसोटी ही. "अमुक ओढलं की तमुक हलतं" असं एका वाक्यात सांगता येत नसेल तर तो विषय सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट, कागदाला किती झेपतं. जेसीबी पोरांना फार आवडतो, दरवर्षी दोन-चार तरी असतातच. पण त्याच्या हाताला तीन-चार सांधे. पुठ्ठ्याचा प्रत्येक सांधा थोडा ढिला राहतो आणि चार सांध्यांचा ढिलेपणा एकत्र आला की बकेट लोंबकळत खाली येते. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स तर कागदात करूच नये. दाते मऊ पडतात, दहा वेळा फिरवलं की घसरायला लागतात. पवनचक्की करायला सोपी, पण शाळेच्या वर्गात वारा कुठला? हातानं फिरवायची दांडी मागून लावली तरच ती चालणार. शिवाय शेजारच्या टेबलावर तीच असते.

मग घ्यावं काय? ज्यात एक हालचाल आहे, फार तर दोन, आणि जी वस्तू पोराला जाऊन बघता येते, हात लावता येतो, अशी. शिलाई मशीन घ्या. पायानं पायटा मागं-पुढं, त्यावर चाक गोल, चाकावरून सुई वर-खाली. एका मशीनमध्ये तिन्ही हालचाली. आठवी-नववीच्या पोराला हे जमतं, पाचवीच्या पोरानं त्यातलं फक्त चाक आणि सुई करावी. इथं एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. चाकाच्या मध्यापासून १ सेंटीमीटरवर टाचणी लावली तर सुई २ सेंटीमीटर वर-खाली होते, दीडवर लावली तर ३. हे पोरानं एकदा पट्टीनं मोजलं की परीक्षकांनी कसंही विचारलं तरी अडत नाही.

पण गावातल्या पोरासाठी सगळ्यात चांगला विषय म्हणजे हापसा. रोज डोळ्यासमोर असतो, म्हणूनच कुणाला सुचत नाही. हाच तो इंडिया मार्क-टू. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं तो देशभर गेला आणि त्याचं मूळ आपल्या सोलापूरकडच्या 'सोलापूर पंपा'त आहे. त्याआधीचे बिडाचे पंप घरापुरते ठीक होते. सगळं गाव दिवसभर हापसायला लागलं की मोडायचे.

हापशाचं डोकं उघडलेलं मेकॅनिक लोकांनी पाहिलेलं असतं. दांड्याचं आतलं टोक सरळ नसतं, पाव चकतीसारखं गोलाकार असतं आणि त्यावर साखळी असते. कारण सोपं आहे. दांडा फिरतो गोलात आणि खालची सळई मात्र सरळ वर-खाली जायला हवी. दांडा थेट सळईला जोडला असता तर सळई प्रत्येक हापशाला आडवी ओढली गेली असती. साखळी गोलाकारावरून सरळ खाली सुटते, म्हणून सळई सरळच राहते. पण साखळी फक्त ओढते, ढकलत नाही. मग सळई खाली जाते कशी? स्वतःच्या वजनानं.

नेमकं हेच पुठ्ठ्यात करता येतं. दांडा पुठ्ठ्याचा, त्याचं आतलं टोक पाव चकतीसारखं कापायचं, साखळीच्या जागी जाड दोरा आणि सळई म्हणून पुठ्ठ्याची पट्टी. पट्टीच्या खाली दोन रुपयांचं नाणं चिकटवलं की तीही वजनानं खाली येते. ज्यांनी दोरा न लावता पट्टी थेट दांड्याला टाचली, त्यांची पट्टी खोबणीत तिरकी होऊन अडकते. अडकली तरी वाईट नाही म्हणा, साखळी का लावतात ते पोराला तिथंच कळतं.

खऱ्या हापशात दांड्याचं प्रमाण आठास एक असतं, म्हणून लहान पोरगीसुद्धा खोल बोअरचं पाणी वर आणते. मॉडेलमध्ये मात्र आठास एक धरू नये, पट्टी जेमतेम हललेली दिसेल. बाहेरची बाजू १२ सेंटीमीटर, आतली ४ धरली तर पट्टी ३ सेंटीमीटरच्या आसपास उचलते आणि लांबूनही दिसते. खरं प्रमाण कागदावर लिहून शेजारी लावावं.

आतल्या झडपा दोन. सळई वर जाताना खालची झडप उघडते, पाणी नळीत शिरतं. सळई खाली येताना ती मिटते आणि दट्ट्यातली उघडते. कागदात पाणी नाही, त्यामुळं झडपा आपोआप हलणार नाहीत. खालच्या झडपेला बारीक दोरा बांधून तो पट्टीला जोडला तर पट्टी वर गेली की झडप उघडेल. दट्ट्यातली झडप नुसती रंगवून दाखवावी, सगळंच हलवायचा हट्ट नको. आणि मॉडेलला हात लावायच्या आधी पोराला कळशी देऊन हापशावर पाठवावं, किती हापशात भरते ते मोजून यायला सांगावं. मिनिटाला ४० हापसे मारले तर साधारण १२ ते १५ लिटर पाणी येतं. आपल्या हापशाला कमी आलं तर का आलं, हा आणखी एक प्रश्न निघतो.

घरात आजोबा असतील तर मोट हा विषयही भारी आहे. चामड्याची मोट वर येईपर्यंत तिची सोंड मिटलेली राहते आणि वर आली की आपोआप थारोळ्यात पाणी ओतते, तेही दोन वेगळ्या दोरांच्या जोरावर. ज्यांनी मोट हाकली ती माणसं आता थोडीच राहिलीत. मापं आणि दोरांची नावं त्यांनाच विचारून घ्यावीत, पुस्तकात सापडतील याचा भरवसा नाही.

सामान घरातच असतं. लग्नपत्रिकेचा कागद जाड आणि ताठ, जुन्या वहीचा पुठ्ठा चांगला. कागद एका बाजूनं सहज वाकतो, दुसऱ्या बाजूनं अडतो. पट्टी कापताना लांबीच्या दिशेनं कमी वाकणारी बाजू धरावी. कण्याला खराट्याची काडी, कणा फिरायला संपलेल्या रिफिलची नळी. फिरवायची दांडी करायची तर सायकलचा आरा वाकवावा. बायंडिंगची तार मऊ, दोनदा फिरवली की पिळते. आणखी कल्पना हव्या असतील तर पुण्याचे अरविंद गुप्ता यांची टाकाऊतल्या खेळण्यांची मराठी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

एक शेवटचं माप. मॉडेल मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसलं पाहिजे. त्याहून मोठं केलं तर तालुक्याला पोचेपर्यंत वाऱ्यानं निम्मं सुटतं. न्यायच्या आदल्या रात्री पोराकडून सलग पन्नास वेळा हलवून घ्यावं. जे सुटायचंय ते घरीच सुटेल, आणि फेविकॉल वाळायला रात्र हाताशी असेल.