खांदे सांभाळा, स्वावलंबन टिकवा

व्हीलचेअरवर वावरणाऱ्या माणसाचे खांदे हेच त्याचे पाय असतात. खाटेवरून खुर्चीत येणे, खुर्ची ढकलणे, न्हाणीपर्यंत जाणे, सारे खांद्यांच्याच जोरावर. खांदा दुखावला की दुसऱ्याची वाट पाहावी लागते. आणि ज्या घरातील सर्वजण सकाळीच कामावर जातात, तेथे मदतीला कोण येणार? म्हणून त्यांच्यासाठी व्यायाम ही हौस नव्हे, गरज आहे.

सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. खचून न जाता त्यांनी पोहण्याचा सराव केला आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंग खेळाडूंच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सर्वांनाच पदक मिळवायचे नसते. पण दंडात बळ घरीही आणता येते.

सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या मजबूत गजाला छातीच्या उंचीवर अडकवा. खुर्चीचे ब्रेक लावा. ट्यूबची दोन्ही टोके धरून कोपरे मागे ओढा आणि सावकाश सोडा. असे दहा वेळा. थोडे थांबून पुन्हा दहा वेळा. दिवसभर खुर्ची ढकलून छातीचे स्नायू कसले जातात, पाठीचे मात्र मागे पडतात आणि खांदे पुढे झुकून दुखू लागतात. म्हणून ओढण्याचा व्यायाम महत्त्वाचा. दंडासाठी पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली पुरे. तिचे वजन सुमारे एक किलो भरते. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती घेऊन करावे.

बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून दर अर्ध्या तासाने पुढे वाकून एक-दोन मिनिटे बैठकीवरचा भार हलका करावा.

अकोल्याचा उन्हाळा तर सर्वांनाच ठाऊक! मानेच्या किंवा छातीच्या वरच्या मणक्याला इजा असल्यास त्याखालील अंगाला नीट घाम येत नाही व शरीर तापते. त्यांनी पहाटेच व्यायाम करावा, ओला पंचा जवळ ठेवावा. अशा व्यक्तीचे डोके अचानक ठणकू लागल्यास थांबावे, ताठ बसवावे, लघवीची नळी अडली आहे का पाहावे आणि तातडीने डॉक्टर गाठावा. सुरुवातही डॉक्टरांना विचारूनच करावी.

घरच्या मंडळींनो, प्रत्येक वेळी उचलून बसविण्याची घाई करू नका. ट्यूब बांधून द्या, जवळ उभे राहा आणि त्यांचे त्यांना करू द्या.