काव्यातील हवामान

साहित्यातील निसर्ग म्हणजे नायकनायिकांच्या भावनांचे उद्दीपन करणारी पार्श्वभूमी, ही समजूत टीकाकारांच्या दप्तरी इतकी कायम झालेली होती, की अरण्य, नदी वा पाऊस यांनाही स्वतःची काही कैफियत असू शकेल, असा संशयसुद्धा सहसा कोणास येत नसे. १९६२ साली रेचल कार्सन यांनी कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरील आपल्या ग्रंथाचा आरंभ पक्ष्यांचा आवाज हरपलेल्या एका काल्पनिक गावाच्या कथेने केला, तेव्हा शास्त्रालाही कथेचा आश्रय घ्यावा लागतो हे दिसून आले. पुढे १९७८ मध्ये विल्यम रूकर्ट यांनी साहित्य आणि पर्यावरण यांच्या नात्याच्या अभ्यासासाठी ‘इकोक्रिटिसिझम’ ही संज्ञा योजली आणि १९९२ मध्ये अमेरिकेत या क्षेत्रातील अभ्यासकांची संस्थाही उभी राहिली.

परंतु या दृष्टीची खरी करामत पाहावयाची तर टीकाकार जोनाथन बेट यांचे इंग्रज कवी बायरनच्या ‘डार्कनेस’ या कवितेवरील विवेचन पाहावे. सूर्य विझल्याची १८१६ मधील ही कल्पना म्हणजे केवळ कविमनाचा विषाद नव्हे. इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीच्या आदल्या वर्षीच्या उद्रेकाने युरोपचा उन्हाळाच हिरावून घेतला होता, आणि जिनिव्हाकाठी भरदुपारी कोंबड्या खुराड्यात शिरल्या व मेणबत्त्या लावाव्या लागल्या, असे खुद्द बायरननेच सांगून ठेवले आहे. (टीकाकारांना मात्र कोंबड्यांची साक्ष ग्राह्य वाटावयास पावणेदोनशे वर्षे लागली!) आपल्याकडे तर ऋतूंनाच लेखनविषय करणारे दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्येच, म्हणजे या संज्ञेच्या जन्मापूर्वी बावीस वर्षे, प्रसिद्ध झाले होते.